पानाची मागची बाजू

उगावच्या पुढे, कादवेच्या अंगाला, सकाळी साडेसात.
दव अजून तारांवर ओळीने बसलेलं.
मी आधी बूट पुसते, मग कात्री, मग हात, स्पिरिटच्या बोळ्याने.
कालच्या बागेतलं काही माझ्या पायांनी इकडे यायला नको.
रोग शोधणारं माणूसच कधी कधी रोगाची एसटी होतं,
हे कुणी शिकवलं नव्हतं, पटत गेलं.

बाळनाथ बोरस्ते रस्त्याकडच्या ओळीशी उभे.
"इथनं बघा मॅडम, एक नंबर पानं."
पाहुण्याला पुढची खोली दाखवावी
तशी पहिली ओळ दाखवतात सगळेच.
मी मान हलवते आणि आडवी शिरते,
चार ओळी सोडून, मग तिरपी, मग उलटी,
चुकलेलं वासरू हुडकत जावं तशी.
दहा वेली, वेलीला दहा पानं. शंभर.

पान उलटायचं असतं.
वर तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग,
तो उन्हाचा असेल, खताचा असेल, परवाच्या फवाऱ्याचाही.
खोटं बोलायला पानाला वरच्या अंगाला पुष्कळ जागा आहे.
खरं ते मागे, शिरांच्या मधल्या गल्ल्यांत.
भिंग लावून वाकले की माझाच श्वास काचेवर बसतो
आणि क्षणभर
सगळ्या निफाड तालुक्यावर भुरी आलेली दिसते.

ऐंशी पानं झाली. काही नाही.
ओझरकडून एक विमान डोक्यावरून गेलं,
बोरस्त्यांनी वर पाहिलं, मी नाही पाहिलं, आकडा चुकतो.
पलीकडे सुरगाण्याच्या बायका फेलफूट काढत होत्या.
त्यातली एक हात न थांबवता म्हणाली,
"खालच्या कोपऱ्यात जा ना बाई. व्हॉल गळतो तिथं.
दोन दिस झाले, पानं ओशट लागतात."
ओशट.
माझ्या पुस्तकात तेलकट छापलंय, तो डोळ्यांचा शब्द.
हा बोटांचा.

कोपऱ्यात चिखल, आणि चिखलावर लोंबलेली
तीन पानं, जरा जास्तच गप्प.
"शंभरात तीनच, म्हणजे काही नाही ना?" बोरस्ते.
मी म्हटलं, ती शंभरात धरत नाही मी.
वाटेत सापडलेलं आणि कुणी सांगितलं म्हणून सापडलेलं
एका रकान्यात लिहिता येत नाही.
ते हसले. त्यांना वाटलं मी आकडा लपवते.

पाकिटावर शिसपेन्सिलने, कारण शाई दवात फुटते:
थॉमसन. छाटणीपासून एकतिसावा दिवस. खालचा कोपरा.
नमुना घेणाऱ्याचे नाव.
तिथे पेन्सिल अडली.
"मावशी, नाव काय तुमचं?"
"कशाला? मी काय केलं?"
मग बराच वेळ फक्त फुटवे मोडल्याचा आवाज,
मग, "यमुना भोये."
मी दोन नावं लिहिली. जागा एकाचीच होती.

रात्री खोलीवर स्टीलच्या डब्यात
ओला टिपकागद, त्यावर तीन पानं पालथी, झाकण.
आईचा फोन. जेवलीस का, डब्यात काय होतं?
पाला, मी म्हटलं.
मेथी? हं, तसलंच.
मग दिवा घालवून पडले. झोप येईना.
एवढ्याशा डब्यात कुणीतरी जागं आहे
आणि मला त्याचं काम बिघडवायचं नाही,
असं काहीतरी वाटत राहिलं.

सकाळी दोन पानं कालच्यासारखीच.
तिसऱ्याच्या पाठीवर पांढरी लव,
तान्ह्या बाळाच्या कपाळावर असते तेवढी.
सुंदर म्हणू नये. पण दोन मिनिटं
मी फोन हातात धरून तशीच बसले.

"कोपऱ्यातच आहे ना पण?" बोरस्त्यांनी विचारलं.
"काल कोपऱ्यात होतं."
पलीकडे कुणीतरी बादली ठेवली, मोरचुदाची असावी.
"आधी व्हॉल बदला," मी म्हटलं, "मग फवारा.
आणि त्या यमुनाबाईंना विचारा, आज आणखी कुठे ओशट लागतंय."
ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

मग डबा घासला, दोनदा, राखेने आणि साबणाने.
दुपारी त्यातच भाजी न्यायची होती.